पुस्तकात पाणी चढत होतं

माझ्या साडूचा मी एकदा भर खाडीत, बावीस माणसांच्या साक्षीनं सूड घेतला. त्या दिवसाची आठवण आली की अजूनही मला दोन घास जास्त जातात. सूड वाईट असतो असं पुष्कळ लोक सांगतात. त्यांतल्या बहुतेकांनी तो कधी घेतलेला नसतो.

हा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शांती नगरात राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला अभ्यासक होण्याची घाई झाली आहे. आधी तो वृक्षांचा अभ्यासक होता, मग मोडी लिपीचा, मग तीन महिने बोन्सायचा. यातलं काही माझ्या अंगावर आलं नाही तोवर मी टाळ्या वाजवत होतो. मग तो खाडीचा अभ्यासक झाला. खाडी माझी होती.

माझी म्हणजे खरं तर नाखवांची. मी भाईंदर पश्चिमेला राहतो, जेटीपासून चालत पंधरा मिनिटांवर. काही वर्षांपूर्वी रविवारी सकाळी तिथे जाऊन बसायची सवय लागली आणि एका म्हाताऱ्या कोळ्याची ओळख झाली. मासेमारी त्यांनी सोडली होती, पण अंग मोकळं राहावं म्हणून रोज आपली छोटी होडी काढायचे. त्यांना सगळे नाखवा म्हणत, मीही म्हणू लागलो. मी वहीत काहीतरी खरडत असायचो म्हणून ते मला मास्तर म्हणू लागले. मी मास्तर नाही, कचेरीत फायली पुढे सरकवतो. पण होडीत बसल्यावर हुद्द्यावरून वाद घालू नये.

चार वर्षं मी त्यांच्याबरोबर भाईंदर ते घोडबंदर आणि परत असे रविवार काढले. रेल्वेच्या पुलाचा कोणता खांब कोणत्या हाताला ठेवायचा, जुन्या धक्क्याचे दगड कुठे वर येतात, मिठागरात पाणी घ्यायची दारं कुठून दिसतात, किल्ला पाण्यावरून बघायचा तर कुठे थांबायचं, हे सगळं लिहून घेतलं. जिथे आम्ही भरतीची वाट बघत वडापाव खायचो, तिथेच शेकडो वर्षांपूर्वी माल भरलेली गलबतं भरतीची वाट बघत थांबायची, हेही लिहिलं. त्यातून छप्पन्न पानांची पुस्तिका झाली. खाडी होडीतून बघायची असेल त्यानं ती हातात धरावी आणि निघावं, एवढाच हेतू. नकाशा पट्टी घेऊन मीच काढला. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तीस प्रती काढून तारेत ओवून घेतल्या.

नाखवांची अट एकच होती. "वरती माझा नाव पायजे."

मी विचारलं, का हो?

"माझे बापाला सगली खारी पाठ होती. तो गेला, आता कोनाला ठावं हाय? माझी पोरां एसीन बसतात. कागदावर नाव लागला का ऱ्हातो."

त्यांच्या तोंडी खाडीची खारी होते आणि होडीची होरी. मी त्यांचं नाव वर टाकलं, माझं खाली. त्यांना वाचता येत नाही. येईल त्याला ते मुखपृष्ठ वाचायला लावायचे. मग एकदा म्हणाले, "ही तारेतली वही झाली. वाचनालयान कपाटान ठेवतात तसला पायजे, पाठीवर नाव असलेला." मी म्हटलं, करू. आणि जबान दिली की त्या पुस्तकावरही पहिलं नाव तुमचं. ते नाव मी इथे सांगणार नाही. एवढ्या मारामारीनंतर ते पुस्तकावर लागलं, ज्याला हवं त्यानं तिथे जाऊन बघावं.

मी दोन-तीन प्रकाशकांकडे गेलो. त्यांनी चहा दिला. एकानं विचारलं, खाडी कोण वाचणार? आणि मी आळशी माणूस, गप्प बसलो.

साडू गप्प बसला नाही. त्यांच्या घरी सत्यनारायण होता, प्रसाद खाता खाता म्हणाला, "अहो साडूभाऊ, तुमची ती पुस्तिका द्या ना वाचायला." मी दिली. "अक्षर बारीक आहे हो, फाइल असेल तर द्या, मोठं करून वाचीन." मी फाइलही दिली. चोराला किल्ली देणारे पुष्कळ असतात. मी तर कुलूप उघडून, दिवा लावून, आत पंखा चालू करून दिला.

दीड वर्षानं मोबाइलवर त्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचं आमंत्रण आलं. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर काळा चष्मा घातलेला साडू कुठल्यातरी बोटीच्या टोकावर उभा. नाव एकच, त्याचं. प्रत घरी आली तेव्हा मी उभ्या उभ्या वाचली. नकाशा माझा, वाक्यं माझी. वडापावसुद्धा माझा, फक्त त्यानं त्याचा अल्पोपाहार केला होता. आणि प्रस्तावनेत शेवटी एक ओळ: काही स्थानिक कोळी बांधवांचेही सहकार्य लाभले.

मी फोन लावला.

"अहो, ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं?" साडू म्हणाला. "आणि घरातल्या घरातच आहे ना."

"माझं सोडा. नाखवांचं नाव कुठाय?"

"सगळ्यांची नावं टाकत बसलो तर मुखपृष्ठावर फोटो कुठे बसणार? आणि राग मानू नका, तुमची भाषा जरा जुनाट होती. मी आजच्या वाचकासाठी सोपी केली."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "ताईच्या तोंडाकडे बघून गप्प बसा. एक शब्द बोलायचा नाही." मी नेहमी बायकोचं ऐकतो असं नाही. या वेळी मात्र तंतोतंत ऐकलं.

कारण त्याच संध्याकाळी मी ते पुस्तक परत उघडलं, चुका काढायच्या शुद्ध द्वेषबुद्धीनं, आणि पान अठरावर मला खजिना सापडला.

किनाऱ्यावरच्या माणसांचं भरतीचं एक सोपं गणित आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमाराला भरती पूर्ण होते, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत आत शिरावं तसा थोडा उशीर धरायचा. समुद्र चंद्राकडे बघून हलतो, म्हणून गणित चंद्राच्या तिथीचं. नाखवांनी मला हे पहिल्याच रविवारी शिकवलं होतं आणि मी ते पान अठरावर लिहिलं होतं.

साडूनं ते सोपं केलं होतं. आजच्या वाचकाला पंचांग कुठे कळतं, म्हणून त्यानं तिथी काढून तिथे तारीख घातली होती. तारखेची पाऊणपट करावी, बारापेक्षा जास्त आल्यास बारा वजा करावेत. एवढ्यावर न थांबता शेवटी एक ते एकतीस तारखांचा तक्ता, कायम उपयोगी पडेल असा, रंगीत चौकटीत.

मी बाथरूमची कडी लावून हसलो. नळ सोडून हसलो.

मग आमंत्रण काढून बघितलं. प्रकाशन खाडीतच होतं, बोटीवर, रविवारी, बारा तारखेला. बाराची पाऊणपट नऊ. ठीक नऊ वाजता ऐन भरतीच्या साक्षीने प्रकाशन, असं त्यावर छापलंच होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. बारा तारखेला चतुर्थी, संकष्टी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला भरती, आणि सकाळी नऊच्या पुढेमागे खाडी पार तळाला गेलेली. पंचांग बघून मुहूर्त काढला असता तरी इतका अचूक उलटा निघाला नसता. मोबाइलवर भरतीची वेळ कुणालाही दिसते. पण स्वतःचा तक्ता छापलेला माणूस मोबाइल कशाला बघेल?

दुसऱ्याच दिवशी मी नाखवांकडे गेलो. त्यांनी आधी पुस्तक हातात घेतलं, पाठ चाचपली.

"ह्यान माझा नाव हाय का?"

मी प्रस्तावनेतली ओळ वाचून दाखवली. त्यांनी परत वाचायला लावली.

"काही म्हंजे किती?"

"म्हणजे तुम्हीच, नाखवा."

"मंग एक लिव ना," ते म्हणाले, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

त्यांचा चेहरा खुलावा म्हणून मी लगेच तारखेची गंमत सांगितली. मला वाटलं, मांडीवर थाप मारतील. ते हसले नाहीत.

"पान्यावर बसनाऱ्याला खोटा टाइम सांगू नये."

"मी कुठे सांगितला? त्यानं छापलाय."

"तुला ठावं हाय ना? मंग तू पन छापलास."

मी त्यांना समजावलं. आज सांगितलं तर तो एक चिठ्ठी छापून पान अठरावर चिकटवेल, टाळ्या घेईल, आणि तुमचं नाव जन्मात लागणार नाही. अडकला तरच वाकेल. नाखवांनी वल्हं उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "मी होरी घेऊन जवल ऱ्हातो. चिखलान कोनी मरत न्हाय, फकत लाज जाते. पन त्यान कोनाला चक्कर आली, कोनी पान्यान उतरला, तर मी पयला तुला बुडवीन."

मला सौदा मंजूर होता.

बारा तारखेला पहाटे मी पिशवी भरत होतो आणि बायको दारात उभी राहून बघत होती.

"छत्री कशाला?"

"ऊन असतं गं."

"थर्मास? पेपर? दोन तासांचा कार्यक्रम आहे ना?"

"असू दे."

"आणि उशी?"

"बाक लाकडी असतात."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही काय केलंय?"

"काहीच नाही. तुझी शपथ," मी म्हणालो. इतकी खरी शपथ मी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

बोट झकास होती. वर छत, बाजूला झेंडूच्या माळा, प्रत्येकाला नारिंगी जॅकेट. ती कुठल्यातरी लांबच्या बंदरावरून भाड्यानं आणलेली होती आणि तिच्या चालकानं ही खाडी त्या दिवसापर्यंत बघितलेली नव्हती. साडूच्या वसाहतीतली हौशी मंडळी जमली होती. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते, कोट घालून. पुस्तकांचे दोन खोके मागच्या बाजूला ठेवले होते. ताई मोठा डबा घेऊन आल्या होत्या, माझी बायको त्यांच्या शेजारी बसली.

"साबुदाण्याची खिचडी आहे," ताई म्हणाल्या. "आज संकष्टी ना, आमच्या निम्म्या लोकांचा उपास."

मी आवाज चढवला. "काय म्हणता ताई? आज संकष्टी? म्हणजे चतुर्थी म्हणायची आज!"

साडू दोन हातांवर माइकची वायर सोडवत होता. "हो हो, चतुर्थी, चतुर्थी," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा, वायर पायात येतेय."

वर गेल्यावर देवानं विचारलं तर मी एवढंच सांगणार आहे की मी त्याला संधी दिली होती.

सातला निघालो. कार्यक्रम असा होता की पाणजू बेटाच्या मागच्या, खाडीच्या अरुंद फाट्यात शिरायचं, तिथे भाषण, नऊला प्रकाशन आणि मग घोडबंदर. ती जागाही माझीच. ऐन भरतीत त्या फाट्यातून गेलं तर होडी तिवरांच्या शेंड्यांना लागते आणि बगळे डोळ्यांसमोर बसलेले दिसतात, असं मी लिहिलं होतं. ऐन भरतीत, असं लिहिलं होतं.

फाट्यात शिरताना चालकानं वेग कमी केला. "साब, पानी उतर रहा है."

साडूनं पुस्तक उघडलं, पान अठरा. "नहीं नहीं, चढ़ रहा है. नौ बजे तक चढ़ेगा."

"साब, उधर कीचड़ दिख रहा है."

"वो बाजू का कीचड़ अलग होता है. आप चलिए."

चालकानं पाण्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "किताब में चढ़ता होगा, साब. इधर तो उतर रहा है."

मी पेपर उघडला.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. इतिहासाचा प्रवाह कधी थांबत नसतो, या वाक्यापाशी ते आले आणि बोट ओल्या पोत्यावर बसावी तशी बसली. आवाज असा काही नाही, नुसतं एक दीर्घ फुस्स. चालकानं इंजिन मागे घेऊन बघितलं, पुढे घेऊन बघितलं, काळा चिखल उडवला आणि बंद केलं. बोट जराशी कलली. झेंडूच्या माळा एका बाजूला लोंबल्या.

"पाच मिनिटं," साडू माइकवर म्हणाला. "भरती चालू आहे, आपोआप वर येऊ."

पाच मिनिटांत पाणी आणखी वीतभर गेलं. दहा मिनिटांनी दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला आणि निवटे बाहेर आले. हे मासे पुढच्या परांवर उभे राहून, डोळे वर काढून माणसासारखे टक लावून बघतात. पन्नासएक निवटे साडूकडे बघत होते. मी एकावन्नावा.

मी थर्मासमधून चहा ओतला. आयुष्यात यापेक्षा चांगला चहा मी प्यालेलो नाही.

वास यायला लागला, ऊन चढायला लागलं. शेवटी कुणीतरी मोबाइल बघून जाहीर केलं की भरती दुपारी तीननंतर आहे. अध्यक्षांनी खोक्यातली प्रत मागवली, चष्मा लावला आणि पान अठरा मोठ्यानं वाचलं. तारखेची पाऊणपट करावी.

"तारखेची?" ताई म्हणाल्या. "अहो, तिथीची असते ती! बाबा सांगायचे ना आम्हाला लहानपणी. चतुर्थीला तीनला भरती."

दोघी बहिणी कोकणातल्या खाडीकाठच्या. हे मी विसरलो होतो.

"मग तू बोलली का नाहीस?" साडू म्हणाला.

"मला विचारलंत कधी? लेखक तुम्ही. मी खिचडी करत होते."

आणि त्याच वेळी माझ्या बायकोनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. छत्री बघितली, थर्मास बघितला.

"उशी," ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात नाखवा आले. सुकतीतही, म्हणजे ओहोटी तळाला गेली तरी, त्या फाट्याच्या मध्यातून हातभर पाण्याची एक वाट उरते, तिच्यातून ते आपली चपटी होडी सरकवत आले आणि बोटीपासून दोन हातांवर वल्हं रोवून थांबले. साडूचा जीव भांड्यात पडला.

"अहो काका, जरा मदत करा हो!"

"मी कोन?" नाखवांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुझे पुस्तकान हाय ना, काही कोली बांधव? त्यातला मी. बाकीचे काही आयले न्हाय."

मी पेपरात तोंड लपवलं. साडूनं माझ्याकडे बघितलं, नाखवांकडे बघितलं, आणि त्याच्या ध्यानात सगळं आलं. तो बँकेत होता, मूर्ख नाही. त्यानं आवाज खाली आणला. "चूक झाली माझी. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव छापतो."

"फुडच्या भरतीला मी असंन का ठावं न्हाय, फुडची आवृत्ती कुठली?"

"मग आत्ता घालतो. हातानं. सगळ्या प्रतींवर." साडूनं एक प्रत घेतली, बाकावर माझ्या उशीपाशी पडलेलं पेन उचललं आणि मुखपृष्ठावर, स्वतःच्या काळ्या चष्म्याच्या वर, लिहायला वाकला.

ज्या क्षणासाठी मी सहा दिवस जीभ दाताखाली धरली होती तो हा क्षण. मी उठून उभा राहिलो. टाळ्या वाजवणार तोच नाखवा ओरडले.

"थांब! ह्या पुस्तकावर? ज्यान नऊ वाजता भरती हाय, त्याच्यावर माझा नाव? उद्या बंदरावर तोंड कसा दाखवू? पयला पानी बरोबर कर. मंग नाव."

माझी टाळी तशीच राहिली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला नाव हवं होतं, कुठेही. त्यांना ते खऱ्या गोष्टीवर हवं होतं.

मग दोन्ही खोके फोडले. पान अठरावर तीन ठिकाणी तारीख खोडून तिथी लिहायची, मागच्या रंगीत तक्त्यावर काट मारायची, आणि मग मुखपृष्ठावर नाव. साडू बाकावर बसला, प्रती मांडीवर घेतल्या. बोट पाण्याची वाट बघत होती, नाहीतरी दुसरं काम नव्हतं. मी पाठीमागे उशी सारली आणि दुसरा कप ओतला.

"मास्तर," नाखवा म्हणाले, "तू पन."

"मी? मी काय केलं?"

"काय केलास न्हाय, तोच तर." आणि बोटीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याला सहा दिस ठावं होता."

बावीस जणांनी माझ्याकडे बघितलं. निवट्यांचं बघणं बरं होतं.

"सहा दिवस?" ताई म्हणाल्या. "माझा उपास आहे, मी उन्हात बसलेय, आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

मी त्यांना छत्री दिली. बायकोनं मागायच्या आत थर्मासही दिला. आणि दुसरं पेन मागून घेऊन साडूच्या शेजारी जाऊन बसलो.

नाखवांनी अध्यक्षांना आणि वयस्कर माणसांना चार-चार करून होडीतून जेटीवर पोचवायला सुरुवात केली. अध्यक्षांनी पहिली दुरुस्त प्रत वाचनालयाच्या कपाटासाठी म्हणून मागून घेतली आणि साडूला बजावलं की पुढची छपाई याच प्रतीवरून होईल, वरच्या नावासकट, नाहीतर वाचनालय ती घेणार नाही. ताईंना नाखवांनी आधी नेलं असतं, पण त्या हलेनात. म्हणाल्या, तीस वर्षांत यांना चूक दुरुस्त करताना कधी बघितलं नाही, आज बघून घेते.

परत येऊन नाखवांनी एक प्रत उचलली आणि माझ्या बायकोकडे दिली. "पोरी, वाच."

तिनं मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव वाचलं.

"परत."

तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, तिनंच वाचलं. त्यांनी ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत सरकवली.

मी संधी साधली. "नाखवा, तुमच्या नावाखाली माझंही लिहितो. चार वर्षं मीच…"

"न्हाय. ज्याला पानी ठावं हाय आनी जो गप बसतो, त्याचा नाव खारीच्या पुस्तकावर नको."

शेजारून एक आवाज आला. साडू हसत होता. सकाळपासून पहिल्यांदा.

आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून लिहीत राहिलो. तारीख खोडा, तिथी लिहा, काट मारा, नाव घाला. तो मधूनच एखादी जागा सोडायचा, मी कोपरानं ढोसून दाखवायचो. मग मीही सोडायला लागलो, तेव्हा तो दाखवायला लागला.

"मला आधी सांगितलं असतंत तर," साडू पुटपुटला.

"तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर."



साडेअकराच्या सुमाराला बोटीखाली गुदगुल्या झाल्यासारखं हललं. चिखल झाकला गेला, निवटे बिळात गेले. चालक उठला. "साब, अब सच में चढ़ रहा है." पण अजून अर्धा खोका बाकी होता आणि चिखलातून ओढून काढायला म्हणून चालकानं फेकलेला आमच्या बोटीचा दोर नाखवांच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही. बोट तरंगत होती, इंजिन तयार होतं, आणि बोटीत कुणाचीही त्यांना घाई करायची हिंमत झाली नाही. मानेवर ऊन घेत, बोटं आखडलेल्या अवस्थेत, माझ्या शत्रूला माझ्याइतकंच घामाघूम झालेलं बघत मी काढलेला तो अर्धा तास. तो मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

शेवटची प्रत साडूच्या मांडीवर होती. त्यानं तिच्यावर नाखवांचं नाव घातलं आणि त्या नावाखाली पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं. अर्धा मिनिट तरी बघितलं असेल. मला वाटलं, रक्ताचं नसलं तरी नातं आहे, खाऊ-पिऊ घातलंय एकमेकांना, लिहील.

"नाखवांनी नाही म्हटलंय ना," तो गोड आवाजात म्हणाला. पेनाला टोपण लावलं आणि ते स्वतःच्या खिशाला अडकवलं.

पेन माझं होतं.